रिकामी करडगी

उदगीर,
ता. १० डिसेंबर १९८२

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

अहो,
सौ. महानंदाचा शरणार्थ.

लग्नाला दोन वर्षं झाली तरी मायन्यात काय लिहावं हे मला कळत नाही, म्हणून नुसतं अहो. तुम्ही मात्र ‘अनेक आशीर्वाद’ लिहिता, जसे काही माझे आजोबाच.

आधी पत्त्याचं सांगते. आता जिल्हा लातूर लिहीत जा. श्रावणात आपला जिल्हा बदलला, हे लखनौला कुणी सांगितलेलं दिसत नाही. तुमचं मागचं पत्र उस्मानाबादला जाऊन, तिथला पाहुणचार घेऊन मग आलं. पोस्टमन म्हणाला, “तुमच्या शिपायाला कळवा, आपला जिल्हा येगळा झालाय. ते अजून निजामाच्या राज्यात हायत का?” पत्रं शेजारी चतुराबाईंच्याच नावावर येऊ द्या. अप्पांना तुमचं नाव काढलेलं अजून चालत नाही. पिढ्यान्‌पिढ्या तागडी धरलेल्या घरातला मुलगा रक्तात हात घालणार, हे त्यांच्या गळी उतरत नाही. नांदेडच्या भरतीतून लष्कराच्या रुग्णसेवेत निवडून आलात तेव्हा गल्ल्यावरून उठलेसुद्धा नाहीत. निघताना एवढंच म्हणाले होते ना, “गळ्यातलं सांभाळ.” त्यानंतर तुमच्याबद्दल एक शब्द नाही.

पाऊस गेला तो गेलाच. आड आटला. टँकर येतो कधी, येत नाही कधी. सकाळच्या पूजेत लिंगावर घातलेलं पेलाभर पाणी, तेच अप्पांचं प्यायचं पाणी.

तुमचा अभ्यास जोरात चालू आहे. मला लिहून शिकवलं की तुमच्या डोक्यात पक्कं राहतं म्हणता, तर शिकवा. जुन्या धोतराच्या चार बोटं रुंद पट्ट्या फाडल्या आणि तुमच्या अव्वांच्या डोक्याला बांधायला घेतल्या. पहिल्यांदा कान आत गेले. दुसऱ्यांदा डोळा. तिसऱ्यांदा इतकी छान बसली की अव्वा तशाच भाजी घ्यायला बाहेर गेल्या आणि गल्लीतल्या चौघीजणी ‘कोण पडलं, कुठं पडलं’ म्हणून धावत आल्या.

रक्त बघून तुम्हाला चक्कर येते हे वाचून आधी मी हसले, मग काळजी वाटली. तुम्हीच म्हणाला होता, जगदेवीवन्सं बाळंतपणात गेल्या तेव्हा सगळं घर नुसतं उभं होतं आणि कुणाच्याच हाताला काही येत नव्हतं. त्या दिवसामुळेच तुम्ही गेलात. आता माघारी यायचं नाही. चक्कर आली तर खाली बसा, गळ्यातल्या लिंगाच्या करडगीवर हात ठेवा आणि परत उभे राहा.

तुमची,
महानंदा

लखनौ,
ता. २६ डिसेंबर १९८२

सौ. महानंदा हीस पंचाक्षरीचे अनेक आशीर्वाद (राहू दे, सवय आहे).

थंडी अशी आहे की सकाळी दात आपापसात भांडतात. परेड संपली, आता आमचं खरं शिक्षण सुरू झालं आहे. सकाळी वर्ग, दुपारी लष्करी इस्पितळाच्या वॉर्डात काम. अंथरूण बदलणं, ताप बघणं, भांडी उकळणं. सुया टोचायला आम्ही एकमेकांच्याच दंडावर शिकतो. काल माझ्या दंडावर एका बिहारी मुलाने तीनदा प्रयत्न केला. मी पडलो नाही, तोच पडला. त्यामुळे वर्गात माझी पत वाढली आहे.

रक्ताचं तसं अजून आहे. परवा कपाळ फुटलेला एक जवान आला आणि माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. तू सांगितलंस तसं केलं. गळ्यातली करडगी मुठीत धरली. लहानपणी हौदात पडलो तेव्हा तिला पोचा पडला होता, तो बोटाला लागला आणि घरी असल्यासारखं वाटलं. हवालदारसाहेब मागून म्हणाले, “अरे चांदीवाले, पूजा बाद में.” पण माणूस चांगला आहे. ज्याला रक्त सोसत नाही त्याला घरी पाठवतात, हेही त्यांनीच सांगितलं.

आता नवीन पाठ. छातीची पट्टी. रोग्याला बसवायचं. पट्टीचं टोक काखेखाली धरून एक वेढा सबंध छातीभोवती. मग पाठीवरून खांद्यावर आणि खांद्यावरून तिरकी खाली. प्रत्येक वेढा आधीच्याचा निम्मा भाग झाकेल असा. गाठ पुढे, बाजूला, म्हणजे रोगी निजला तर टोचणार नाही. हे अव्वाला बांधून बघ आणि कुठं सैल पडतं ते कळव. माझी खांद्यावर सैल पडते.

अप्पा कसे आहेत? विचारत नसतील. तरी लिही.

पंचाक्षरी

उदगीर,
ता. १८ जानेवारी १९८३

अहो,
शरणार्थ.

तुमची पट्टी खांद्यावर सैल पडते कारण तुम्ही तिरकी नेताना हात उचलता. अव्वांच्या छातीला पाच वेळा बांधली तेव्हा हे कळलं. हात अंगाला लागून ठेवा, घसरत नाही. अव्वा म्हणतात, “आता माझं एक बी हाड उघडं ऱ्हायलं न्हाई, तुझा नवरा पास झाला न्हाई तर मीच जाऊन परीक्षा देते.”

येळवशीची अमावास्या झाली. शेतात ज्वारी गुडघ्याएवढी, कणसं नाहीतच. तरी कडब्याच्या कोपीत पूजा मांडली. आंबील केली, सगळ्या भाज्यांची भज्जी केली. अप्पांनी अर्धी भाकरी ठेवून दिली. कुणासाठी ते बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पाठवली आहे. मित्रांना वाटा, पण सगळी नाही.

महानंदा

लखनौ,
ता. ६ फेब्रुवारी १९८३
(पार्सलातली चिठ्ठी)

महानंदा,
हे सांभाळून ठेव. अप्पांना दाखवू नकोस, अव्वालाही नको. मी बरा आहे. सविस्तर पत्र लिहितो.

पंचाक्षरी

उदगीर,
ता. १७ फेब्रुवारी १९८३

अहो,

पार्सल चतुराबाईंच्या घरी उघडलं. आत कापूस, कापसात तुमची चांदीची करडगी. शिवदोरा गुंडाळलेला. पोचा बघून ओळखली. झाकण उघडलं तर आत काही नाही.

चतुराबाईंनी पाणी दिलं, त्यांच्याकडेही तेवढंच होतं.

तुम्ही हे काय केलंत? पाळण्यात असताना स्वामींनी गळ्यात बांधलेलं इष्टलिंग मातीपर्यंत सोबत जातं, हे का मी तुम्हाला सांगू? माणूस लिंगैक्य झाला की लिंग त्याच्या तळहातावर ठेवतात आणि रिकामी करडगी तेवढी घरी येते. रिकामी करडगी घरी येण्याचा दुसरा काही अर्थ आपल्यात आहे का? असला तर मला माहीत नाही. आणि तिच्यासोबत ज्याची करडगी त्याच्याच अक्षरात ‘मी बरा आहे’ अशी चिठ्ठी. मी रडू की तुम्हाला ओरडू?

लिंग हरवलं का? कुणी चोरलं असेल तर चांदी सोडून दगड कोण चोरेल? काढायला लावलं का? तुम्ही स्वतःच काढून टाकलंत का? तिकडं जाऊन धर्म बदलला का? एकही उत्तर मनाला पटत नाही आणि सगळीच एकामागून एक येतात.

करडगी तुरीच्या डाळीच्या डब्यात तळाशी ठेवली आहे. उलट टपाली लिहा.

महानंदा

लखनौ,
ता. २७ फेब्रुवारी १९८३

सौ. महानंदा हीस आशीर्वाद.

पत्र मिळालं. काळजी करू नकोस. इथे आता थंडी कमी झाली आहे. गेल्या आठवड्यात हाडांचा पाठ झाला. मांडीचं हाड सगळ्यात लांब असतं. ते मोडलं तर बाहेरून दिसत नाही, पण आत पुष्कळ रक्त जातं. म्हणून रोगी शांत पडला आहे म्हणून फसायचं नाही.

पट्टीचं तुझं बरोबर होतं. हात अंगाला लावून ठेवला की घसरत नाही.

माझी तब्येत ठीक. धावण्यात जरा मागे पडतो. परवा मैदानावर पडलो, उन्हामुळे असेल. इथलं पाणी जड आहे.

करडगीबद्दल पुढच्या पत्रात. लिहायला बसलो की नीट जमत नाही. तू माझ्यावर भरवसा ठेव.

पंचाक्षरी

उदगीर,
ता. ११ मार्च १९८३

अहो,

मांडीच्या हाडाचं मी विचारलं नव्हतं.

तुमचं पत्र चार वेळा वाचलं. फेब्रुवारीत, लखनौला, उन्हामुळे पडलात म्हणता. इथं चाळीसच्या वर ऊन गेलं तरी पोती उचलणारा माणूस तुम्ही. मला काय दुधखुळी समजता? दुसरं काही असेल, दुसरं कुणी असेल, तर सरळ लिहा. देगलूरला माझं माहेर अजून आहे. तीन भाषांत भांडता येतं मला.

तुमचं एक कोडं कमी होतं म्हणून घरातही कोडी सुरू झाली आहेत. अप्पांना काय झालंय कळत नाही. त्यांनी तुमची सायकल माझ्या भावाला देऊन टाकली. तुमचे सदरे घडी करून मठात पाठवले. मी म्हटलं, सुट्टीवर आल्यावर ते काय घालतील? तर माझ्याकडं असं बघितलं की मी गप्पच झाले. दुकान अर्धा दिवस बंद असतं. गल्ल्यावर बसून रस्त्याकडं बघत राहतात. आणि माझ्याशी इतकं गोड बोलतात की भीती वाटते. परवा माझ्या हातावर मूठभर बेदाणे ठेवले आणि म्हणाले, “पोरी, तू आता सून न्हाईस, लेक हायस. हितंच ऱ्हा. कुणी काय बोललं तर मला सांग.” मला कोण काय बोलणार? अव्वांना विचारलं तर म्हणतात, “दुष्काळानं भल्याभल्यांची डोकी फिरल्यात. तू तिकडं लक्ष देऊ नगं.”

डाळीच्या डब्यातली करडगी मी उताणी ठेवली होती. काल पालथी दिसली. उंदीर असेल.

आता अप्पांनी येत्या चार एप्रिलला, सोमवारी, घरी गणाराधना ठरवली आहे. मठाचे स्वामी येणार, पंचवीस-तीस पानं उठणार. गल्लीत प्यायला पाणी नाही आणि हे जेवण कशाला? गाव म्हणतंय पावसासाठी. अव्वाही तसंच म्हणतात. अप्पा काहीच म्हणत नाहीत.

सगळं घर मुकं झालंय आणि सगळ्यांत मुके तुम्ही. वाईट असलं तरी चालेल, पण खरं लिहा. खोट्याला टेकून मला उभं राहता येत नाही.

महानंदा

लखनौ,
ता. २० मार्च १९८३

महानंदा,

दुसरं कुणी नाही. ते वाचून बऱ्याच दिवसांनी हसू आलं. आता लिहितो, मध्ये थांबलो तर पुन्हा लिहून होणार नाही.

जानेवारीच्या शेवटी वॉर्डात एक जवान आणला. ट्रक पुलावरून नदीत गेला होता. आतून फार लागलं होतं. तो सारखा छातीवर हात चापचापत होता आणि ओरडत होता. छातीत दुखतंय असं सगळ्यांना वाटलं, तसं कागदावर लिहिलंही. मी भांडी घेऊन चाललो होतो. जवळून जाताना ऐकलं, तो कानडीत म्हणत होता, “नन्न लिंगा एल्लि?” माझं लिंग कुठं आहे? त्या सबंध इस्पितळात ते कळणारा मी एकटाच.

नाव सिद्धराम. भालकीजवळच्या खेड्यातला. म्हणजे आपल्या उदगिरापासून एसटीनं दोन तासांचा. त्याचं लिंग नदीतच गेलं होतं. लिंगाशिवाय मरायचं नाही, एवढंच त्याचं म्हणणं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की तो वाचणार नाही.

मी माझं काढलं. रोग्याच्या अंगावर चांदी ठेवायची नाही असा इथला नियम आहे, म्हणून करडगी खिशात घातली आणि नुसतं लिंग कापडात गुंडाळून त्याच्या छातीवर ठेवलं. वर छातीची पट्टी बांधली, तुला शिकवलेली. हात अंगाला लावून. सैल पडली नाही. बघणाऱ्याला वाटावं, जखमेची आहे.

देताना माझ्या मनात परत घ्यायचं होतं, हे तुला सांगितलंच पाहिजे. डॉक्टर चुकतील, तो बरा होईल, नवीन लिंग घेईल आणि माझं मला मिळेल असं मी धरून चाललो होतो. तो दुसऱ्या दिवशी, उन्हं उतरताना गेला. मी जवळ होतो. शेवटचा तासभर कसा गेला ते लिहीत नाही. मग त्याचं अंग पुसायचं काम माझ्याकडेच आलं. माझा हात पट्टीच्या गाठीपर्यंत गेला होता. पण सुटली नाही गाठ. त्या दिवशी मला चक्कर आली नाही, एवढं खरं.

हवालदारसाहेबांनी वरच्या साहेबांना सांगून परवानगी काढली. त्याला आपल्या पद्धतीनं बसवून मूठमाती दिली. खड्डा मी आणि तिघांनी खणला.

माझं लिंग त्याच्यासोबत गेलं. आता मी कोण आहे मला समजत नाही. लिंगाला दाखवल्याशिवाय आपण घास घेत नाही. मी दिवसातून एकदा मूठभर चणे खातो, तेही चोरासारखे. म्हणून मैदानावर पडतो. एप्रिलअखेर तपासणी आहे, वजन असंच उतरलं तर मला घरी पाठवतील. आणि घरी कुठल्या तोंडानं येऊ? अप्पांनी एकच गोष्ट सांगितली होती. रिकामी करडगी गळ्यात सहन होईना म्हणून तुझ्याकडे पाठवली. तिचा घरी काय अर्थ होईल हे माझ्या ध्यानातच आलं नाही. तेवढंही डोकं चालत नव्हतं.

मी केलं ते पाप की पुण्य, तूच सांग. मला खरंच कळत नाही.

पंचाक्षरी

उदगीर,
ता. ८ एप्रिल १९८३

अहो,

आधी जेवा. बाकीचं पत्र जेवल्यावर वाचा. अप्पांचा हुकूम आहे.

जेवलात? आता ऐका. तुम्ही पुन्हा पत्त्यात उस्मानाबाद लिहिलंत, म्हणून हे पत्र वेळेवर आलं नाही. पण आलं ते असं आलं की मी तुम्हाला माफ केलं.

सोमवारी गणाराधना होती. गल्लीतून पाण्याच्या घागरी मागून आणून स्वयंपाक केला. हुग्गीच्या खिरीचं पातेलं चुलीवर, पाटावर स्वामी, ओसरीत सगळी गल्ली. स्वामींनी विभूती घेतली आणि विचारलं, “कुणाच्या नावानं?” आम्ही सगळ्या आतून ऐकत होतो, आता पावसाचं काहीतरी म्हणतील. अप्पा म्हणाले, “चिरंजीव पंचाक्षरी. लिंगैक्य झाला.”

अव्वांच्या हातातली पळी पातेल्यात बुडाली. पुढचं काय सांगू? अव्वा किंचाळल्या, बायका रडायला लागल्या, आणि मी मध्ये उभी राहून, “नाही हो, नाही हो, ते जिवंत आहेत,” म्हणते तर कुणी ऐकेना. अप्पांनी माझा हात धरला आणि हळूच म्हणाले, “पोरी, म्या डब्यात बघितलंय. दीड महिना तू एकटीनं गिळलंस. आता रड.”

अप्पा डाळ काढायला गेले आणि करडगी त्यांच्या हाताला लागली. सरकारनं पाठवली आणि सुनेनं म्हाताऱ्यांसाठी लपवली, असं त्यांनी धरलं. अव्वांना धक्का बसेल म्हणून त्यांना सांगितलं नाही. मला दुखेल म्हणून मला विचारलं नाही. दीड महिना हा माणूस एकटाच मुलाचं दुःख करत गल्ल्यावर बसून होता. आणि मी म्हणत होते, दुष्काळानं डोकं फिरलं.

मी पुरावा म्हणून तुमची पत्रं आणायला चतुराबाईंच्या घरी पळाले, तर त्या दारातच हे नवीन पत्र घेऊन उभ्या. पाकीट फाडलं आणि ओसरीत, सगळ्यांसमोर, मोठ्यानं वाचलं. आत काय आहे हे मलाच माहीत नव्हतं. नुसती तारीख ऐकवली असती तरी पुरलं असतं. पण एकदा सुरू केल्यावर थांबता येईना. ‘नन्न लिंगा एल्लि’पाशी मी कागद पुढं केला. पुढचं चतुराबाईंनी वाचलं, अडखळत अडखळत.

वाचून झालं. मला भीती अप्पांची. ते खांबाला टेकून बसले होते, डोळे पंच्यानं पुसत. मग म्हणाले, “त्या पोराचं नाव काय म्हणलीस?”

मी म्हटलं, सिद्धराम.

“स्वामी,” अप्पा म्हणाले, “नाव बदला. जेवण तेच ऱ्हाऊ द्या. त्याच्या नावानं कुणी केलं असंल का न्हाई, काय म्हाईत.”

तसं झालं. सिद्धरामाच्या नावानं पानं उठली. स्वामींनी सांगितलं आहे, सुट्टीवर आलात की नवीन लिंग बांधू, तोवर कपाळाला विभूती लावा आणि पोटभर जेवा. विभूतीची पुडी सोबत आहे. पाप की पुण्य ते मी विचारलं नाही. अप्पा जेवले. दोनदा हुग्गी मागून घेतली. मला तेवढ्यावरून कळलं.

दुकान उघडलं आहे. सायकल परत मागवली आहे, भाऊ कुरकुरतोय.

महानंदा

उदगीर,
ता. २४ एप्रिल १९८३

अहो,

काल अप्पा आणि मी भालकीला जाऊन, सिद्धरामाचं खेडं विचारत विचारत शोधून आलो. अप्पांनीच काढलं. रात्रभर करडगी समोर ठेवून बसले होते. सकाळी म्हणाले, “ही आपल्या घरात कशी ऱ्हाईल? लिंग ज्याच्यासंगं गेलं, करडगी त्याच्या घरी जाती.” इतकं सरळ होतं, आणि आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

सिद्धरामाची आई, नीलम्मा. एकटीच असते. घरात पत्र्याची पेटी, त्यात लष्करानं पाठवलेले बूट, घड्याळ, कंगवा. ती आम्हाला एकेक वस्तू काढून दाखवत होती आणि शेवटी म्हणाली, करडगी तेवढी आली नाही. नदीत गेली म्हणतात. माझा मुलगा लिंगाशिवाय मातीत गेला, आता मी सकाळी कुठल्या तोंडानं माझ्या लिंगाला पाणी घालू?

अप्पांनी पंच्यातून करडगी काढून तिच्या हातावर ठेवली. तिला काही उमजेना. ही त्याची नाही, म्हणाली. अप्पांनी मला खूण केली, मग मी कानडीत सगळं सांगितलं. तरी तिला पटेना. नुसतं लिंग कसं राहील छातीवर? पडलं असेल, कुणी फेकून दिलं असेल.

मग मी अप्पांना पुढ्यात बसवलं. माझं लिंग हातरुमालात गुंडाळून, शिवदोरा गळ्यात तसाच ठेवून, हात वाढवून त्यांच्या छातीवर धरलं आणि नीलम्माच्या जुन्या लुगड्याच्या पट्टीनं बांधून दाखवलं. एक वेढा सबंध. पाठीवरून खांद्यावर. तिरका खाली. निम्मा निम्मा झाकत. हात अंगाला लावून. दोरा जेमतेम पुरला, आमची डोकी जवळजवळ आपटली, पण कुणी हसलं नाही. गाठ मारली आणि म्हटलं, ओढून बघा. नीलम्मानं ओढलं. पट्टीखाली बोट घालून बघितलं. जागचं हललं नाही. ती किती तरी वेळ त्या गाठीवर हात ठेवून बसली. अप्पा पुतळ्यासारखे स्थिर. ज्या माणसाला तुम्ही पट्ट्या बांधता म्हणून राग होता, तो तसाच बसून राहिला.

निघताना तिनं माझा हात धरला. “यव्वा,” म्हणाली, “शेवटी तो घाबरला होता का?”

तुम्ही त्या तासाबद्दल काही लिहिलेलं नाही. मी म्हटलं, नाही. शांत होता. आईचं नाव घेतलं.

मी बोलून गेले. एसटीत बसेपर्यंत मागं वळून बघितलं नाही. अप्पा म्हणाले, “खरं हाय का ते?” मी म्हटलं, माहीत नाही.

खोट्याला टेकून उभं राहता येत नाही, असं मीच तुम्हाला लिहिलं होतं. आता काय बोलू? मी सांगितलं ते खरं असेल तरच कळवा. नसेल तर त्याबद्दल कधी काही लिहू नका.

महानंदा

लखनौ,
ता. ८ मे १९८३

सौ. महानंदा हीस,

तपासणीत वजन भरलं. परीक्षेत पास झालो. पट्टी बांधण्यात वर्गात दुसरा आलो, पहिला तो बिहारी. अव्वाच्या सगळ्या हाडांना माझा नमस्कार सांग. जूनअखेर सुट्टी आहे. सायकल ओसरीत असू दे.

पाकिटात अप्पांच्या नावानं वेगळी चिठ्ठी आहे. ही दुकानाच्या पत्त्यावर पाठवतो आहे. त्यांनी फोडली तरी चालेल.

तू नीलम्मांना सांगितलंस तसंच होतं. तसंच.

पंचाक्षरी

ता. क. – पत्ता बघ. जिल्हा लातूर लिहिला आहे.